नाव नसलेल्या डोंगराचा माथा: सोलापूरच्या उघड्या माळावर चढाई कशी करावी

सोलापूरच्या माणसाला डोंगर चढायची हुक्की आली की तो पुण्याची गाडी धरतो. राजगड, तोरणा, सिंहगड. "आपल्याकडं कुठं आलेत डोंगर?" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं बोलत आलो. शहरातून बघितलं तर ते खरंही वाटतं. जमीन तव्यासारखी सपाट, नजर जाईल तिथवर ज्वारी, ऊस आणि बाभळी. पण बार्शीच्या पुढं उत्तरेला-पूर्वेला निघालात की बालाघाटाची टोकं दिसायला लागतात. माळशिरसच्या पश्चिमेला शंभू महादेवाची रांग जिल्ह्याच्या हद्दीला टेकते. शिखर शिंगणापूर आहे साताऱ्याच्या माण तालुक्यात, पण चैत्रातल्या कावडी ज्या मुंगी घाटानं वर चढवतात त्याचा पायथा आपल्या माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याला. अंगावर येणाऱ्या त्या दगडी चढावरून एकमेकांना हात देत कावड वर नेणारी माणसं एकदा बघावीत, मग "आपल्याकडं डोंगर नाहीत" हे बोलणं आपोआप बंद होतं.

या लेखातला डोंगर मात्र इतका मानाचा नाही. तो बार्शी तालुक्याच्या कडेला आहे, त्याच्यावर देऊळ नाही, किल्ला नाही, आणि नकाशावर त्याला नावही नाही, फक्त उंचीचा आकडा आहे. असे डोंगर आपल्याकडं शेकड्यानं आहेत: गवताचे, बोडके, लांबून बुटके दिसणारे. गडावर वाट असते, पाण्याची टाकी असते, रविवारी लिंबू-सरबतवाली मावशीसुद्धा असते. इथं यातलं काही नाही. चढ सोपा आहे. अवघड आहेत त्या तीन गोष्टी: सावली नाही, पाणी नाही आणि खरा माथा कोणता ते खालून कळत नाही. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवतीच फिरतं.

डोंगर निवडताना

पहिल्यांदा जाताना असा डोंगर घ्या ज्याच्या पायथ्याला दोन किलोमीटरच्या आत माणसांची वस्ती आहे आणि चढ दोनशे मीटरच्या आत आहे. माझ्या डोंगराचा पायथा साधारण ५६० मीटरवर आणि माथा ७३० च्या आसपास. म्हणजे चढ १७० मीटर. आकडा ऐकून हसू येईल, पण दुपारी बारा वाजता उघड्या माळावर १७० मीटर चढून बघा.

कोणती जमीन कुणाची हे आधी बघा. डोंगराचा बराच भाग वनखात्याचा असतो, खालचे पट्टे खासगी किंवा गायरान. वनखात्याच्या हद्दीवर दगडी बुरूज किंवा पाटी असते. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य हे त्याचं जवळचं उदाहरण. १९७९ मध्ये ते जाहीर झालं ते याच गवताळ माळासाठी, आणि तिथं आपल्याला वाटेल तसं हिंडणं म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांच्या घरात बूट घालून शिरणं. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. विचारण्याचं दुसरं कारण बिबट्या. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली होती. तेव्हापासून उसाचा फड ओलांडून डोंगराला जाताना मी "इकडं काय दिसलं का एवढ्यात?" असं विचारल्याशिवाय पुढं जात नाही. लोक खरं सांगतात, थोडं वाढवूनच सांगतात, आणि ते चांगलंच आहे.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. बस्स.

पावसाळ्यात जायला मन ओढ घेतं, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माळ हिरवागार असतो. पण आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या वीजा भयानक, आणि काळ्या मातीत गाडी अडकली की ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं. मार्चनंतर तर विचारच सोडा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि दुपारनंतर वळीव. वळवाचा ढग डोंगरामागून कधी वर येतो ते कळतसुद्धा नाही.

हिवाळ्यातही दिवसाचा हिशेब पक्का ठेवा. डिसेंबरअखेर आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या पुढं उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. मी उजाडता उजाडता पायथ्याला असतो, नऊच्या आत माथ्यावर, अकराच्या आत परत वस्तीवर. कुणी म्हणेल एवढी घाई कशाला, थंडीच आहे की. सोलापूरची थंडी नऊ वाजेपर्यंतच असते.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

मोबाइलवरचा उपग्रहाचा फोटो सगळेच बघतात, आणि त्यात डोंगर सपाट दिसतो हा त्याचा मोठा दोष. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो, तो उतरवून घ्या. त्यात समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दर २० मीटरला असतात. रेषा जवळजवळ आल्या तिथं उतार खडा, लांब लांब गेल्या तिथं सपाटी. रेषांनी डोंगरापासून लांब बाहेर जीभ काढली की ती सोंड, आणि आत डोंगराकडं खोच मारली की ती वगळ, म्हणजे पाण्यानं कापलेली घळ. एवढ्या चार बाबी वाचता आल्या तरी निम्मं काम झालं.

फोनमध्ये नकाशा ऑफलाइन करून ठेवा. रेंजचा गंमतीशीर अनुभव असा की माथ्यावर चार काड्या असतात आणि खाली वगळीत एकही नाही. नेमकी गरज वगळीतच पडते. साधं होकायंत्र खिशात असू द्या. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, त्यामुळे गणित करत बसावं लागत नाही.

वेळेसाठी जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईला एक तास जादा. आपल्या मापात तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटरला एक तास. माझ्या डोंगराला वस्तीपासून माथा चार किलोमीटर. म्हणजे ४८ मिनिटं चालणं, १७ मिनिटं चढाई, एकूण १ तास ५ मिनिटं. प्रत्यक्षात मला पहिल्या खेपेला अडीच तास लागले, आता दोन लागतात. स्कॉटलंडच्या गवतात कुसळं नसावीत. आपल्या माळासाठी नेस्मिथचं उत्तर सरळ दुप्पट करा.

बरोबर काय घ्यावं

पाणी माणशी तीन लिटर, कमीत कमी. एक लिटर गाडीपाशी वेगळं ठेवा, ते परतीचं. डोंगरावर झरा मिळेल या भरवशावर कधीही निघू नका. डिसेंबरात वगळी कोरड्या असतात आणि शेततळ्याचं पाणी पिण्याजोगं नसतं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे घरूनच मोजून पुडीत बांधून न्या. माळावर अंदाजानं मीठ टाकलं की ते जास्तच पडतं.

खायला आपल्याकडचंच घ्या: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत तुटली तरी बिघडत नाही, आणि चटणीतलं तेल-मीठ अंगातून गेलेलं भरून काढतं. महागाच्या एनर्जी बारपेक्षा मला हीच बरी. सोबत दोन कांदे. टेरी टॉवेल न्या, सोलापूरचाच. तो ओला करून मानेवर टाकला की ऊन निम्मं होतं. आणि छत्री. छत्री घेऊन डोंगर चढणाऱ्याला लोक हसतात, हसू द्यात. झाड नसलेल्या ठिकाणी ती एकच सावली आपल्या हातात असते. धनगर घोंगडं बाळगतो ते काही शोभेसाठी नाही.

आता कुसळं. यावर थोडं थांबतो, कारण पहिल्या खेपेला डोंगरानं मला हरवलं नाही, कुसळांनी हरवलं.

कुसळी गवत पावसाळ्यानंतर पिकतं, आणि त्याचं बी म्हणजे एक छोटा गिरमिट. पुढं सुईसारखं टोक, टोकाला मागं वळलेले बारीक केस, आणि मागं लांब, काळसर, पिळदार शेपूट. हे शेपूट दमट झालं की उलगडतं आणि वाळलं की पुन्हा पिळतं. उलगडताना-पिळताना बी स्वतःभोवती फिरतं आणि जमिनीत घुसतं. गवतानं ही सोय मातीत रुजायला केलीय, पण तुमच्या मोज्यात घामाचा ओलावा आणि उन्हाचा वाळवा दोन्ही आलटूनपालटून मिळतात. तेव्हा ते तिथंच रुजायला निघतं. मोज्यातून आत, मग कातडीत. बसून एक तळहातावर घ्या, त्याच्यावर बोट ओलं करून पाण्याचा एक थेंब सोडा, आणि बघा: शेपूट सावकाश घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागतं. मी पोरांना हे दाखवतो, ती अर्धा तास हलत नाहीत.

उपाय असा. सुती किंवा लोकरी मोजे नकोत, जीन्सही नको, तिच्या खरबरीत विणीत कुसळं पक्की बसतात. गुळगुळीत, घट्ट विणीची पातळ पँट घाला आणि पिंडरीपासून बुटाच्या तोंडापर्यंत काहीतरी गुंडाळा. दुकानात त्याची तयार आवरणं मिळतात. जुन्या छत्रीच्या कापडाच्या पट्ट्याही चालतात, मी त्याच वापरतो. कापडात रुतलेलं कुसळ मागं ओढू नका, केस उलटे असल्यानं ते तुटतं आणि टोक आत राहतं. टोक ज्या दिशेला निघालंय त्याच दिशेनं पुढं ओढून आरपार काढा. चिमटा न्या.

काठी हवीच. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. बॅटरी दिवसासाठी जात असलात तरी घ्या.

पायथ्याची वस्ती

गाडी वस्तीवर लावा, बांधावर किंवा चाकोरीत लावू नका, तिथून ऊसवाहतूक असते. आणि कुणाला तरी सांगून निघा. हा शिष्टाचारही आहे आणि विम्यासारखाही आहे.

माझ्या खेपेला वस्तीबाहेर एक म्हातारा धनगर मेंढरं सोडत होता. त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं, मग छत्रीकडं.

"पाव्हणं, कुणीकडं?"

"वर. माथ्यावर."

"काय हाय तिथं?"

"काही नाही. बघायला."

याच्यावर तो हसला नाही, उलट डोंगराकडं वळून काठीनं दाखवायला लागला. "सरळ नका जाऊ. सरळ गेलाव तर वर खडक आडवा येतोय. त्या पांढऱ्या दगडापसनं डाव्या अंगाची सोंड धरा. मेंढराची वाट घावंल. उतरताना बी तीच. वगळीत उतरू नका, वगळ पल्याडच्या शिवारात निघती."

मी "हो मामा" म्हणालो आणि तेवढं शेवटचं वाक्य विसरलो.

मेंढपाळांची कुत्री ही या माळावरची खरी राखण. ती अंगावर आली तर पळू नका, काठी उगारू नका. जागच्या जागी उभे राहा, आवाज देऊन मालकाला बोलवा, आणि कळपाच्या मधून जाण्याऐवजी लांबून वळसा घाला. लांडगा दिसला तर नशीब समजा. तो तुमच्यापेक्षा आधी वाट बदलतो.

चढ

पायथ्याची शेतं संपली की आधी येतात समतल चर. मृदसंधारणासाठी डोंगराच्या उतारावर आडवे खणलेले हे चर आपल्याकडच्या बहुतेक डोंगरांवर आहेत. गवतात ते दिसत नाहीत आणि पाय थेट आत जातो. काठी पुढं टेकत चला. त्यांचा एक फायदाही आहे: चर एकाच उंचीवरून खणलेला असतो, म्हणजे ती जमिनीवर आखलेली समोच्च रेषाच. डोंगराला वळसा घालायचा असेल तर चराच्या बांधावरून चाललं की ना चढ ना उतार.

चरांच्या वर सोंड पकडा. नवशिक्याला वाटतं वगळीतून जाणं सोपं, कारण तिथं झुडपं असतात, थोडी सावली दिसते. पण वगळीत हिवर-बोरीचे काटे, सुटे दगड आणि सापाची भीती, शिवाय आजूबाजूचं काहीच दिसत नाही. सोंडेवर वारा लागतो, दोन्ही बाजू दिसतात आणि चुकलं तर कळतं. वनखात्याची जाळरेषा लागली, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, तर तिच्यावरून बिनधास्त चाला. बिडी-सिगारेट, चूल, काहीही पेटवायचं नाही. वाळल्या कुसळीला ठिणगी लागली की डोंगर एका तासात काळा होतो.

सोंडेवर मेंढरांच्या वाटा एकीला चार फुटतात. त्यातली जास्त लेंड्या असलेली वाट धरा. हा विनोद नाही. जिथं कळप रोज जातो तिथं वर जायला रस्ता असतो, आणि जिथं एखाददुसरं मेंढरू भरकटलं ती वाट खडकाला जाऊन थांबते.

फसवे माथे

आता मूळ गोष्ट. खालून दिसतो तो माथा नसतो. हे सगळ्याच डोंगरांचं आहे, पण दख्खनच्या डोंगरात त्याला पक्कं कारण आहे. ही सगळी जमीन साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाली. काही थर कडक, भरीव. काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, त्याच्यावर मुरूम आणि घसारा साचतो. कडक थर झिजत नाही, त्याची पायरी आणि वर सपाटी राहते. म्हणून आपला डोंगर म्हणजे एक अवाढव्य जिना आहे. प्रत्येक पायरीच्या कडेखाली उभं राहिलं की वरची कड हाच माथा वाटतो. तिथं पोचलं की सपाटी, आणि सपाटीच्या टोकाला आणखी एक कड.

माझ्या डोंगराला अशा तीन आहेत. पहिल्या खेपेला दुसरीवर पोचून मी बॅग टाकली, अर्धी भाकरी खाल्ली, फोटो काढले, घरी फोनसुद्धा केला. मग सहज उत्तरेकडं बघितलं तर अर्ध्या किलोमीटरवर आणखी पन्नास मीटर उंच कड. घरच्यांना सांगून झालं होतं, त्यामुळे जाणं भागच पडलं.

यावरचा इलाज घरीच करायचा. नकाशावर सोंडेच्या बाजूनं रेषा मोजा आणि कागदावर लिहा: पहिली सपाटी ६२०, दुसरी ६८०, मग माथा ७३०. मोबाइलच्या उंचीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो दहा-वीस मीटर इकडंतिकडं जातो, पण कितव्या पायरीवर आहोत हे कळायला तेवढं पुरतं. शक्तीचा हिशेबही पायऱ्यांवर ठेवा: प्रत्येक सपाटीवर पाच मिनिटं, चार घोट पाणी, आणि मागं वळून उतरायची वाट बघणं. चढताना दिसते ती वाट आणि उतरताना दिसते ती वाट एकसारखी नसते. सोंड जिथं सपाटीला मिळते तिथं तीन-चार दगडांची छोटी उतरंड रचा. परतताना ती मोडून टाका, धनगराला तिची गरज नाही.

घसाऱ्यावर पाय सगळा टेकवा, नुसता पंजा नको. मुरमावर बूट गोट्यांवरून घसरल्यासारखा जातो. कडक थराच्या पायरीवर हात लावून चढायची वेळ आली तर खोबणीत न बघता बोटं घालू नका. आणि कडेला आग्या मोहोळ लोंबत असेल तर तिथून लांब व्हा, अत्तर-डिओ लावून येऊ नका, दगड मारू नका. माशा उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटा, पळून लांब जाणं हाच उपाय.

परत फिरण्याचे दोन नियम मी स्वतःला घालून घेतलेत आणि ते मोडत नाही. पाणी निम्मं संपलं की परत. साडेदहा वाजले की परत, माथा शंभर पावलांवर असला तरी.

माथ्यावर

माथा सपाट असतो, एवढा की सगळ्यात उंच दगड कोणता ते ठरवायला दोन माणसांची भांडणं होतील. कधी सर्वेक्षणाचा दगड किंवा सिमेंटचा ठोकळा सापडतो, कधी चार शेंदरी दगड. त्यांना हात लावू नका, चपला-बूट लांब काढा.

बसायला सोलापुरी चादर अंथरायला मला आवडते, वजन होतं तरी. खाली बघा: उसाचे हिरवे चौकोन, ज्वारीचे पोपटी, मध्ये शेततळ्याच्या प्लास्टिकची निळी चकाकी. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला भोवत्या ससाणा गवताच्या वीतभर वरून पंख न हलवता चकरा मारताना दिसतो. चंडोल वर जाऊन गात राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर पायाखाली बघून चाला, टिटवीची अंडी उघड्या खड्यांत असतात आणि खड्यांसारखीच दिसतात.

दगड उलथू नका. गारगोट्या गोळा करायच्या नादात लोक तेच करतात. दगडाखाली विंचू असतो, खडकाळ माळावर फुरसं असतं. साप चावलाच तर चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका, आवळून बांधू नका. तो भाग हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, म्हणून साप पकडून न्यायची गरज नाही.

उन्हाचा त्रास मात्र सापापेक्षा कितीतरी जास्त लोकांना होतो. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले की छत्रीखाली बसवा, बूट सैल करा, ओआरएस घोट घोट द्या. माणूस बरळायला लागला किंवा कातडी तापून कोरडी झाली तर तो उष्माघात आहे. मग असेल नसेल ते पाणी त्याच्या अंगावर टाका, टॉवेलनं वारा घाला आणि मदत बोलवा.

वीज दिसली तर माथा सोडा. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी वेळ असेल तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, किंवा तुमची छत्री. छत्री मिटा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, सोंडेची धार सोडून खाली उतरा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोबाइल अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, घरून निघतानाच ते चालू करा.

उतरण

घोटे मुरगळतात ते उतरताना. गुडघा थोडा वाकवून, छोटी पावलं, काठी खालच्या बाजूला. दुसऱ्याच्या बरोबर मागं चालू नका, त्याच्या पायाखालचा दगड सुटला की तुमच्या नडगीवर येतो.

आणि ज्या सोंडेनं चढलात तिनंच उतरा. मी त्या दिवशी अकरा वाजता माथ्यावर होतो, पाणी दोन घोट राहिलं होतं, आणि खाली वगळीत हिरवी झुडपं दिसत होती. वाटलं, सावलीतून उतरू, जवळही पडेल. दीड तास बोरीच्या जाळ्यांत अंग ओरबाडत खाली आलो तो दुसऱ्याच शिवारात. गाडी सहा किलोमीटर लांब, डोंगराच्या पलीकडं. पहिल्याच वस्तीवर एका आजीनं काही न विचारता तांब्याभर ताक पुढं केलं, आणि ते पिऊन झाल्यावर विचारलं, "कुणाचं मेंढरू हुडकाय आलाव?"

डांबरी रस्त्यानं चालत, शेवटी एका ट्रॅक्टरवर बसून गाडीपाशी पोचायला चार वाजले. मला लाज वाटली म्हणून कुणाशी न बोलता गाडी काढली आणि निघालो.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा तोच म्हातारा भेटला. त्या दिवशी तो मेंढरं कोंडल्यावर बॅटरी घेऊन वगळीच्या तोंडापर्यंत जाऊन आला होता. सांज झाली तरी पाव्हणं खाली येताना दिसलं नाही म्हणून. गाडी कधी गेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

तर शेवटची पायरी: उतरल्यावर गाडीला चावी लावायच्या आधी, ज्याला सांगून गेलात त्याच्या दारात जाऊन "आलो बरं का मामा" एवढं सांगा. मग ओसरीवर बसून मोज्यातली कुसळं काढा. तेवढ्यात चहा होतो.